शेवट तुझा तू लाव

हॅलो? … हो, विल्डाच बोलतेय. कोण? … नडीन? अगं, काही कळत नाहीये. हळू … आधी श्वास घे.

काय केलंस? … कशानं? … फावड्यानं. बरं. कुठे लागलं रॉइसला? … डोक्यात. मग खांद्यावर. रक्त किती आहे? … फ्रिजखाली गेलंय, म्हणजे बरंच आहे. नवऱ्याच्या छातीकडे बघ, हलतेय का? … कण्हतोय ना? मग जिवंत आहे.

थांब हं, फोन ठेवू नकोस … मेव्हिस, दुसऱ्या फोनवरून शेरीफच्या पोलिसांना लाव. ॲम्ब्युलन्सही सांग. नडीन हॅस्लटचं घर, कापसाच्या जिनिंगमागचं. पळ.

हं, बोल … काय? मी सांगितलं होतं? मी कधी … कोल्ह्याची गोष्ट?

हो, सांगितली. तुला खुर्चीत बसवून संमोहनात नेलं आणि सांगितली. बाईच्या खुराड्यात रोज कोल्हा शिरायचा, कोंबड्या फाडायचा, बाई नुसती पिसं झाडत बसायची. एक दिवस ती उठली … हो, तिथंच थांबले. आम्ही संमोहनवाले थांबतोच गं. शेवट ऐकणाऱ्यानं आपला आपण लावायचा, तरच तो अंगी लागतो.

आणि तू हा लावलास.

नाही, रागवत नाहीये … अगं, माझ्या मनात होतं, बाई उठते, उरल्यासुरल्या कोंबड्या घेते नि बहिणीकडे निघून जाते … सांगायला हवं होतं, हो. नवऱ्यानं ड्रॉवरमध्ये बोट चेचलेल्या बाईला मी अर्धी गोष्ट देऊन घरी पाठवली. चुकलं माझं.

आज काय केलं त्यानं? … केस धरून? … पेटत्या शेगडीवर? गाल भाजलाय का? … मेल्यानं …

काय? उठतोय? … नडीन, नाही. फावडं खाली कर … माहितीये, उभा राहिला की सोडणार नाही तुला. पण आता मारलंस तर तो मरेल आणि तू तुरुंगात सडशील. ऐक माझं. ऐक ना. मी पुरी करते गोष्ट. बाई उठली. कोल्हा अर्धमेला पडला होता. बाईनं त्याला पुन्हा मारलं नाही, पण पाठही दाखवली नाही. मागं मागं सरकत दाराशी आली … हो, तशीच. वायर पुरेल तिथवर ये. गाडीची किल्ली? … घेतलीस? … काय म्हणतोय तो? … जीव घेईन, जीव घेईन. रोजच म्हणतो. रिसीव्हर टाक आणि थेट बहिणीकडे जा. टाक म्हणते ना.

नडीन? … नडीन?

… कोण, रॉइस? … हो, तीच मी, डोकी फिरवणारी म्हातारी. खाली बसा आणि डोक्याला फडकं दाबून धरा, नाहीतर पडाल … कुठे गेली ते विचारू नका … बंदूक आहे ना तुमच्याकडे, ऐकलं मी. मग मला मारा. तिच्या हातात फावडं मी दिलं … या की. पत्ता देते. पेन्सिल आणा … घाई कसली, रक्त पुसून नीट लिहा … नाही हो, चुकलात. पुन्हा पहिल्यापासून लिहा … कोण दार ठोकतंय? … रॉइस, बंदूक टेबलावर ठेवा. ठेवा आधी. मग उघडा … रॉइस? गोळी झाडलीत?

हॅलो? आता कोण? … शेरीफचा माणूस का? धरलंत त्याला? … बरं झालं. गोळी भिंतीत गेली ना? फुटक्या डोक्यानं नेम कसला लागतोय.

ती? … शोधा की, तुमचं कामच आहे ते. पण आधी माझं लिहून घ्या. मी संमोहनानं उपचार करते, ती माझ्याकडे येते … हो, फावडं मारायला मीच सांगितलं. माझ्या खुर्चीत तिचे डोळे मिटलेले होते, तिची काही चूक नाही … माहितीये मला काय होईल. लायसन्स जाईल, अजून काय ते जाईल …

नाही, अर्धंमुर्धं नाही. शेवटपर्यंत सांगितलं होतं मी. लिहा.