गेलं का खाली?

...नाही, पण उकडलेला बटाटा मऊ असतो हे मला कोण सांगतंय, तर बायको. अहो, तुम्हाला सांगतो, मी प्लंबर आहे, लोकांच्या सिंकखाली आडवा पडून जन्मभर तो मऊ बटाटाच उपसतोय, अडकतं म्हणजे काय ते मला विचारा! एवढा जाड पाइप, त्यात तो ठाण मांडून बसतो, आणि आमच्या लेकीचा घसा केवढा... माझ्या करंगळीएवढा. तिला म्हणे आता घरचं जेवण घालायचं.

दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, "वजन वाढत नाहीये, नुसत्या दुधावर भागायचं नाही. मऊ शिजवून द्या, तुमच्या पंगतीला बसवा, बघूनच शिकतात मुलं. आणि ठसका लागला तर लगेच घाबरू नका." घाबरू नका! यांचं काय जातंय? सोमवारपासून बायको कामावर, म्हणजे दुपारचा चमचा कुणाच्या हातात? माझ्या.

मग मी बटाटा उकडला, कुस्करला, चहाच्या गाळणीतून दोनदा गाळला. बायको म्हणते, "अहो, हे जेवण आहे की भिंतीला लावायचं आहे?" मी लक्षच दिलं नाही, पहिला चमचा दिला, पोरीनं तोंड वाकडं केलं, "ऑक्" केलं, आणि तुम्हाला सांगतो, मी तिला खुर्चीसकट उचललं आणि जिन्यापर्यंत पोचलो. मागून सासूबाई शांतपणे, "जावईबापू, ती हसतेय. खुर्ची तरी ठेवा खाली."

हसतेय, पण अडकलं असतं तर? तेव्हापासून माझा नियम. एक घास, की हनुवटी धरायची, "आ कर बाळा," कामाची बॅटरी मारायची, गेलं का खाली? गेलं. मग पुढचा. वाटीभर बटाट्याला अख्खी दुपार. पोरगी कंटाळली, तोंडच उघडेना, वजन तिथंच, आणि भीतीनं माझी झोप उडालेली.

रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो. बायकोनं बिनधास्त पोरीच्या हातात शिजलेल्या गाजराची लांब फोड दिली. माझा घास गालातच राहिला हो, गिळताच येईना, श्वास धरून नुसता बघतोय... तर पोरीनं गाजर ठेवलं, वाकली, माझी हनुवटी धरली, खाली ओढली आणि आत बघितलं. घास तिथंच! जे काय भोकाड पसरलं म्हणता, मी गिळला तेव्हा गप्प झाली. पुन्हा आत बघितलं, खात्री केली, आणि मग गाजर चावायला लागली.

आता खाते. वजनही वाढलंय. पण अट एकच, आधी बाबांनी तोंड रिकामं दाखवायचं, मगच तिचा घास. चावत बसलो तर रडते. म्हणून सध्या ती पावाची कड चघळते, आणि गाळणीतून गाळलेला बटाटा मी खातो. त्यामुळे अडकतं म्हणजे काय ते मला विचारू नका, तिला विचारा... मला तोंड उघडून बसायचंय.