सुधाकररावांची बर्फातली शाळा

सुधाकरकाकू, आणि इंगोलश्टाटहून, म्युनिकहून इथं आलेल्या सगळ्या मंडळींनो, नमस्कार.

बोलायला उभा राहिलोय खरा, पण माझ्या आधी नेहमी सुधाकररावच बोलायचे. मी मागं बसून हसायचो. आज मागं बसता येत नाही. गेल्या आठवड्यात त्यांचं हृदय थांबलं, आणि अजून मला वाटतंय की ते दारातून येतील आणि म्हणतील, "काय बुवा, भाषण ठोकताय?" मी सकाळी पूजा करून कामावर जातो, म्हणून त्यांनी मला बुवा केलं होतं.

रिटायर झाल्यावर माणूस काय करतो? बाग करतो, पुण्याला फेऱ्या मारतो. सुधाकररावांनी लहान मुलांसाठीच्या, बर्फावर चालणाऱ्या तीन मोडक्या स्नोमोबाइल विकत घेतल्या. आपल्या शेजारच्या गावातल्या योसेफ शेतकऱ्याच्या कोठारात बसून त्या दुरुस्त केल्या. मग योसेफच्या परवानगीनं, त्याच्याच कुंपणातल्या शेतात, आपल्या पोरांची शाळा सुरू केली. सहा-सात वर्षांची पोरं! आम्ही आईबाप घाबरलो. मी विचारलं, "अहो, एवढ्या लहान मुलांना गाडी कशाला?"

म्हणाले, "बुवा, मोठी झाली की ही आउटोबानवर गाड्या सुसाट पळवणारच आहेत. थांबायची सवय आत्ताच लागू दे."

थांबायची! मंडळी, पहिले दोन शनिवार त्यांनी इंजिन सुरूच केलं नाही. आधी सगळं शेत पायी फिरायचं, बर्फाखाली दगड आहे का बघायचं. मग बंद गाडीवर बसून ब्रेक दाबायचा. सोडायचा. पुन्हा दाबायचा. पोरं कंटाळली की हे म्हणायचे, "नोख आइनमाल!" पुन्हा एकदा. आणि गाडीची लाल दोरी जाकिटाला अडकवल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. ती दोरी ओढली की इंजिन बंद.

आणि त्यांच्या आणि आज्यांच्या लढाया! माझी आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आली होती. तिनं माझ्या केतकीच्या हेल्मेटखाली लोकरीची कानटोपी चढवली. सुधाकररावांनी ती उतरवली. आई म्हणाली, "अहो, पोरीच्या कानात वारं जाईल!"

"आजी, वारं गेलं तर तुम्ही कानात तेल घालाल. हेल्मेट हललं तर मी काय घालू?"

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू घेऊन गेली.

एक प्रसंग सांगतोच. फुटबॉलच्या वर्ल्ड कपआधीचा तो हिवाळा, बर्फ भरपूर. गाड्या पहिल्यांदा बाहेर काढायच्या, म्हणजे पूजा हवीच. आपण नवी सायकल आणली तरी हार घालतो. आईनं बाजारातून शेवंती आणली, दोरा सापडेना म्हणून लोकरीत हार ओवला, आणि गाडीच्या हँडलला घट्ट बांधला. नारळ फोडला, आरती झाली, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाही काही खटकलं नाही. सुधाकररावांनाही नाही.

केतकी निघाली. अर्ध्या शेतात तो हार घसरला आणि अंगठ्यानं दाबायच्या वेगाच्या खटक्यात अडकला. तिनं अंगठा उचलला, पण गाडी थांबेना. सरळ कुंपणाकडे. सुधाकरराव त्या जाड बुटांत धावत सुटले, काकूंनी डोळे मिटले, माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघेना. आणि केतकीनं लाल दोरी ओढली. गाडी गप्प. पोरीनं मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या, मागं वळून बघितलं आणि ओरडली, "काका, नोख आइनमाल?"

सुधाकरराव बर्फात बसलेच. आणि हसायला लागले. आई रडत हार फेकायला निघाली, तर म्हणाले, "आजी, फेकू नका. चूक माझी, मी बघायला हवं होतं. पूजा दरवर्षी करायची. फक्त जो गाडीवर बसेल त्यानं आधी आपल्या हातानं हार उतरवून ठेवायचा." तेव्हापासून तसंच चालत आलंय.

परतताना मला म्हणाले, "बुवा, देव आहे की नाही मला माहीत नाही. पण असला तर त्याचं काम आपण थोडं कमी करावं." मी देवापुढे रोज हात जोडतो. त्या दिवसापासून हात जोडताना हे वाक्य आठवतं. मला ते प्रार्थनेसारखंच वाटतं.

आता मुद्द्याचं. परवा योसेफनं विचारलं, कोठार रिकामं करणार का? तुमच्यातल्या काहींनी मला सांगितलंय की सुधाकरराव नसताना मुलांना तिथं पाठवणं बरोबर नाही. तुमची काळजी खरी आहे. मलाही तेच वाटत होतं. गाड्या कुणाला तरी देऊन टाकू का, असं विचारायला मी काल काकूंकडे गेलो.

काकू म्हणाल्या, "भावजी, ह्यांना शिकवायला कुणी शिकवलं?"

आणि स्वतःच सांगितलं,

"आधी मला बसवायचे त्या गाडीवर. चुडीदार, वर कोट, गुडघे हनुवटीला टेकलेले. मी कुठं घाबरते, मला काय समजत नाही, ते बघायचे आणि मग मुलांना सांगायचे. प्रत्येक शुक्रवारी. मला सगळा धडा पाठ आहे. पहिला बर्फ पडू दे, शेतात मी उभी राहते."

मंडळी, मी योसेफला फोन केला. कोठार रिकामं होणार नाही. पण काकूंनी एकटीनं का उभं राहायचं? शेताला चार कोपरे आहेत. एका कोपऱ्यात मी. उरलेल्या तीन कोपऱ्यांत कोण, ते आज घरी जाण्यापूर्वी काकूंना सांगून जा.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. मागं बसलेल्या मुलांनो, सुधाकरकाकांची एखादी गंमत आठवून हसू आलं तर आवरू नका. काकूंची परवानगी आहे, मी विचारून आलोय.

सुधाकरराव, तुम्हाला आमचा सगळ्यांचा नमस्कार.