फिरस्तीचं कारण

मला आधी एक सांगा, एखादं लेकरू ऐकलेला धडा सगळा तोंडानं सांगतं अन् तोच धडा पुस्तकातून वाच म्हटलं की घामाघूम होतं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? आळशी म्हणाल? ढ म्हणाल? माझ्या रेणाला आठ वर्षं सगळे हेच म्हणत होते, अन् काय सांगू तुम्हाला, त्या सगळ्यांत पयली मीच होते.

मी धुरपदा. माहेर-सासर दोन्ही अजिंठ्याकडचं, आम्ही मेंढरंवाले. बाप मेंढरं राखायचा, सासरा राखायचा, मालकबी तेच करायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं अन् निघायचं, आज या शेतात मुकाम, उद्या त्या शेतात, त्यामुळं शाळा मी बघितली ती रस्त्यावरूनच. रेणा माझी थोरली. संध्याकाळी कळप परत आला की कोकरं आपापल्या आईला लावावी लागतात, ते काम तिचं. पाच-सहा वर्षांची पोर, पन चाळीस कोकरांतलं कोणतं कोणत्या मेंढीचं हे तिला बरोबर ठाऊक. मी चुकायची, ती नाय.

मग दुष्काळ पडला, एक नाय, लागोपाठ. मेंढरांना पाणी नाय, चारायला काडी नाय. कळप इकला अन् शहरात आलो. गारखेड्याच्या पुढं तव्हा नुसत्या बिल्डिंगा उठत होत्या. गावाकडं प्यायला पाणी नव्हतं अन् इथं सिमेंटवर पाइपानं मारत होते, मालक बघतच राह्यले. त्यांना साईटवर वाचमनचं काम लागलं. एक बिल्डिंग पुरी झाली की पत्र्याची खोली मोडायची अन् दुसऱ्या साईटवर जायचं. मेंढरं गेली, फिरणं नाय गेलं.

साईट बदलली की शाळाबी बदलायची. दाखला घ्यायला गेलं की गुरुजी इचारायचे, बाई, पोरीला वाचता काहून येत नाय? मीच म्हणायची, गुरुजी, आम्ही फिरस्ते, कुठं टिकून शिकली ती, मागं राह्यली. गुरुजी म्हणायचे, व्हय, खरंय. माझं कारण त्यांनाबी सोयीचं होतं. वर्गात ती एका जागी बसायची नाय, सांगितलेलं काम अर्ध्यात सोडायची, तर मी हसून म्हणायची, आमच्या जातीच्या पायालाच भिंगरी हाय. घरी मात्र हाणायची. एकदा उलथन्यानं हाणलं. आज सांगते, लपवत नाय.

ती नववीत गेली तव्हा मराठीला नव्या बाई आल्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी मला बोलावलं. मी खुर्चीवर टेकायच्या आधीच सुरू, बाई, आम्ही फिरस्ते. त्यांनी मला पुरं बोलू दिलं, मग म्हणाल्या, ताई, आता तुम्ही राहता कुठं? म्हटलं, इथंच पलीकडच्या सोसायटीत, गेटच्या खोलीत, मालकांना पक्की नोकरी लागली. किती वर्षं झाली? म्हटलं, चार. मग चार वर्षांत पोरगी कुठं फिरली, ताई? अन् धाकटी कमळी, तीबी तुमच्यासंगच हिंडली ना? ती तर सहावीत पेपर वाचून दाखवते.

इतकी वर्षं जे कारण पदराला बांधून हिंडले, ते बाईंनी दोन सवालांत सोडवून ठेवलं. मग त्यांनी समजावलं, काही लेकरांची वाचताना ओळ सुटते, अक्षर ध्यानात राहत नाय, चित्त एका जागी ठरत नाय, पन अक्कल कमी नसते. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, कागद मिळतो. त्या कागदावर दहावीला जास्त वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. फक्त शाळेनं चिठ्ठी द्यायला पाहिजे.

त्या चिठ्ठीसाठी हेडसरांकडं चारदा गेले. बघू म्हणाले, नंतर या म्हणाले, चौथ्यांदा म्हणाले, पोरीला मोबाईल देऊ नका, आपोआप वाचील. म्हटलं, सर, आमच्यात एकच मोबाईल, तो मालकांच्या खिशात गेटवर असतो. क्लार्क हसला, सर नाय हसले. घरी दीर आले ते वेगळंच, वहिनी, येडी म्हणून कागद काढता का पोरीचा, उद्या सोयरीक कोण करील? तर रेणाच म्हणाली, काका, कागद नसतानाबी सगळे मला येडीच म्हणतात की.

बाई म्हणाल्या, तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, लेखी द्या. पन लिहिणार कोण? बाईंनी अर्ज लिहिला असता तर हेडसरांनी डूख धरला असता, नोकरी नवी त्यांची. मग घरीच बसलो. रेणानं सांगायचं, कमळीनं लिहायचं. कमळी म्हणाली, अगं, महोदय लिहू का आदरणीय? रेणा म्हणाली, काहीबी लिही, पन पुढं मी सांगते तसंच लिही. मला ऐकलेलं सगळं समजतं. वाचताना ओळ माझ्या हातून निसटते, मग मला भ्याव वाटतं अन् मी बाहेर बघते. मी आळशी नाय. माझी तपासणी करा. एवढंच. मी भाकरी थापता थापता थांबले. तिला मी रागावले, हाणलं, देवाला नवस बोलले, पन तुला नेमकं काय होतं गं, असं एकदाबी इचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले. क्लार्क म्हणाला, ठेवा टेबलावर. म्हटलं, पोच पाहिजे. पोच कोणी शिकवली हो बाई तुम्हाला? म्हटलं, तुमच्या चार चकरांनी. दारातच बसले. मी तीन घरची भांडी घासते, ती त्या दिवशी तशीच राह्यली, पन शिक्का घेऊनच उठले. आठ दिवसांत चिठ्ठी निघाली.

दवाखान्याच्या लई फेऱ्या झाल्या, पन कागद मिळाला. आता रेणा दहावीत हाय. नव्या बाई शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास बसवतात, ओळीखाली पट्टी धरून वाचून घेतात. बोर्डाकडं अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. पोर पास होईल का नाय, मला ठाऊक नाय. पन हा कुणाचा उपकार नाय, तिचा हक्क हाय, एवढं मला कळलं. उशिरा कळलं, त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला लिहिता येतं. तुमच्या गेटवर वाचमन असंल, तुमच्या घरी भांडी घासणारी असंल. तिला इचारा, बाई, तुझं लेकरू वाचतं का? ती म्हणंल, डोकंच नाय त्याला. तिचं ऐकू नका. लेकराला जवळ बसवा, त्याला बोलू द्या, अन् ते सांगंल तसा अर्ज लिहून द्या. मग तिच्यासंग शाळेत जा, अन् पोच हातात पडल्याबिगर उठू नका.