खण-नारळ

पनवेलच्या स्टँडवर उरणच्या बसच्या रांगेत शर्मिष्ठाच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या हातात पुरस्काराची ट्रॉफी होती, आईच्या पिशवीत नारळ. लेकीचा पारा असा चढलेला, की शर्मिष्ठाला कान टवकारावेही लागले नाहीत.

"तिघांना पुरस्कार मिळाला, आई. त्या दोघांना शाल आणि मला खण-नारळ! विज्ञान परिषद होती की चैत्रातलं हळदीकुंकू?"

"हळू बोल. लोकं आयकतात."

"ऐकू देत! नीलगिरीच्या पाल्यातलं रसायन खाली दुसरं बी रुजू देत नाही, हे मी सिद्ध केलं. आणि अध्यक्ष काय म्हणतात? 'आता आमच्या सौभाग्यवती या ताईंची ओटी भरतील!'"

"मानानंच भरली ना? ओटीला नाय म्हणू नये."

"कसला मान? आधी माझं मंगळसूत्र बघितलं, मग संशोधन. आणि तू गं? पहिल्या रांगेतून उठून मागे खांबाआड का गेलीस?"

"ओटी भरायला लागले म्हणून उठले. तुझे बाबा गेल्यापासून मी अशा वेळी पुढं नाय बसत."

"म्हणजे हाच पुरस्कार तुला मिळाला असता, तर त्यांनी काय दिलं असतं?"



बस लागली. रांग सरकली. आईनं पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"त्या अध्यक्षाचं घर नवीन पनवेललाच हाय ना?"

"हो. का?"

"चल. त्याला नारळ देऊन येऊ."