जमिनीवरची बादली

मार्लिस : दार उघडंच राहू दे. मी बसायला आलेली नाही.

वेंडेल : अगं, पण सकाळी सकाळी... आणि हे काय आपटलंस टेबलावर? कातडी पसरलीयत माझी तिथं.

मार्लिस : बघ ना जवळून. तुझाच आहे. त्याला लटकवलेल्या टिकलीवर नाव आहे, पत्ता आहे. वेंडेल केटुनेन. आईबापांनी ठेवलेलं नाव, छान ठसवून घेतलंयस पितळेवर.

वेंडेल : माझा लावलेला सापळा तू उचलून आणलास? मार्लिस, हा गुन्हा आहे. बाबांनी आपल्याला बोलायला शिकवायच्या आधी हे शिकवलं असेल, की दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावायचा नाही.

मार्लिस : टॅन्सी मेली.

वेंडेल : काय?

मार्लिस : माझी कुत्री मेली, वेंडेल. काल दुपारी. लाकडाच्या गाड्यांच्या जुन्या रस्त्यावर, तुझ्या या सापळ्यात. आता सांग, गुन्हा कुणाचा.

वेंडेल : अरे देवा. टॅन्सी? आणि तू काल मला कळवलं नाहीस?

मार्लिस : काल मी खड्डा खणत होते. जमीन वरून गोठलीय. कुदळीनं फोडावी लागते.

वेंडेल : मी आलो असतो खणायला.

मार्लिस : म्हणूनच नाही कळवलं.

वेंडेल : ओढ्याकडं वळतो तो रस्ता का? तिथं मी रॅकूनसाठी बादली लावली होती.

मार्लिस : हो, बादली. आडवी, जमिनीवर, आत आमिषाला बीव्हरचं मांस आणि तोंडाशी हा लोखंडी चौकोन. रस्त्यावरून दगड टाकला तर पोचेल एवढ्या अंतरावर. अरे, ते जनावर नाकावर जगतं! रानकोंबडीचा वास काढायला मीच शिकवलं तिला, पिल्लू होती तेव्हापासून. मांसाचा वास आला, डोकं आत घातलं, आणि हा चौकोन मिटला मानेवर. मी तिच्या गळ्यातली घंटा ऐकत चालले होते. घंटा थांबली. मला वाटलं, पक्षी सापडला तिला, पाय उचलून उभी असेल माझी वाट बघत. मी बंदूक सावरून हसत गेले, वेंडेल. हसत!

वेंडेल : बस जरा. कॉफी टाकतो.

मार्लिस : नको तुझी कॉफी. या दोन स्प्रिंगा मी हातानं दाबल्या. गुडघा टेकवून दाबल्या. बोटं बघ माझी. ती माझ्याकडं बघत होती सगळा वेळ. आवाज फुटत नव्हता तिच्या गळ्यातून, फक्त बघत होती, की ही काढेल आपल्याला.

वेंडेल : हातानं नाही दबत त्या. माझ्याही नाही दबत.

मार्लिस : मग कशानं दबतात?

वेंडेल : आता कशाला ते...

मार्लिस : दाखव.

वेंडेल : दोरी लागते. साधी दोरी. स्प्रिंगच्या या कडीतून घालायची, त्या कडीतून काढायची, फिरून पहिलीतून. एक टोक बुटाखाली दाबायचं, दुसरं वर ओढायचं. बघ, मिटली. आता हा आकडा अडकवला की उघडत नाही. मग तसंच दुसऱ्या बाजूला.

मार्लिस : एवढंच?

वेंडेल : एवढंच.

मार्लिस : तिला बांधायची दोरी माझ्या खिशात होती.

वेंडेल : तुला माहीत नव्हतं गं.

मार्लिस : का माहीत नव्हतं? माझा सख्खा भाऊ जन्मभर सापळे लावतो. माझी कुत्री त्याच रानात पळते. तुमच्या सापळेवाल्यांच्या संघटनेच्या जेवणाला मी वर्षानुवर्षं ब्लूबेरीचे केक भाजून आणते. तिथं एकानं तरी उभं राहून म्हटलं का, की कुत्री घेऊन हिंडणाऱ्यांनो, हे दोन मिनिटं बघून ठेवा? नाही म्हटलं. कारण शिकवलं की कबूल करावं लागतं, यात कुत्री मरतात म्हणून!

वेंडेल : असं कुणी ठरवून नाही करत.

मार्लिस : ठरवून करत नाही, तेच वाईट आहे. ठरवून केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

कोरीन : आत येऊ का? दार उघडं होतं. मार्लिस, तुमचा निरोप मिळाला. टॅन्सीचं ऐकून फार वाईट वाटलं.

मार्लिस : ये. बघ वेंडेल, शिकारखात्याची वॉर्डन आली, गणवेश घालून, पिस्तूल लावून. आता होऊ दे काय व्हायचं ते. कोरीन, हा सापळा आणि हा त्याचा मालक. पकड त्याला.

वेंडेल : तू माझ्यावर वॉर्डन बोलावलीस?

मार्लिस : कुणाचाही असता तरी बोलावली असती. टिकलीवर तुझं नाव निघालं, त्याला मी काय करू?

कोरीन : मी आत्ता जागेवरूनच येतेय. बादली अजून तिथं आहे. रस्त्यापासून जेवढं अंतर लागतं, त्यापेक्षा लांब आहे. सापळ्याचं तोंड मोठं नाही. टिकली आहे. हंगाम सुरू आहे. वेंडेल, परवाना आहे ना यंदाचा?

वेंडेल : हा काय, खिशात.

कोरीन : मग कायद्यात बसतं.

मार्लिस : काय बसतं?

कोरीन : सगळंच. यांनी नियम मोडलेला नाही, मार्लिस. मला काही करता येत नाही.

मार्लिस : अगं, मान आवळून मेली ती! आणि नियम मोडला नाही म्हणतेस?

कोरीन : मला खोटं सांगता येत नाही तुम्हाला. एक विचारायचं होतं. बादलीला सापळा नव्हता. तो इथं कसा आला?

मार्लिस : मी आणला. तारेसकट उपटून.

कोरीन : हे तुम्ही मला सांगायला नको होतं.

मार्लिस : का?

वेंडेल : कारण तो गुन्हा आहे. मी मघाशी तेच म्हणत होतो.

कोरीन : कुत्रा अडकला असेल तर सोडवायला सापळा उघडता येतो. पण तो घरी नेता येत नाही. कायद्यानं बघितलं तर... या सगळ्यात चूक तेवढी तुमचीच निघते.

मार्लिस : माझी! वा! ऐकलंस वेंडेल? ज्यानं मारली तो कायद्यात, जी मेली ती बादलीत, आणि गुन्हेगार मी! बरं झालं, काढ तुझी वही कोरीन. लिही माझं नाव. मोठ्या अक्षरात लिही. ने मला कोर्टात. न्यायाधीशाला तरी ऐकावंच लागेल माझं.

कोरीन : मालकानं तक्रार केली तरच पुढं जाता येतं.

वेंडेल : माझी तक्रार नाही.

मार्लिस : कर तक्रार.

वेंडेल : नाही करणार.

मार्लिस : कर म्हणते! एवढा कायदा छातीशी धरून बसलायस ना, मग चालव बहिणीवर!

वेंडेल : मार्लिस, वेड्यासारखं करू नकोस. कोरीन, हिचं मनावर घेऊ नका.

मार्लिस : बघ, मोठं मन दाखवून मला गप्प बसवतोय. उपकार करतोय माझ्यावर!

कोरीन : कोर्टापेक्षा गुरुवारी टाउन हॉलमध्ये या. राजधानीतून समिती येतेय याच प्रश्नासाठी. अशा बादल्या झाडावर माणसाच्या डोक्याइतक्या उंच बांधाव्यात, जमिनीवर ठेवू नयेत, असा नियम करायचा का, ते विचारणार आहेत. तिथं बोला.

मार्लिस : मी बोलेन. पण संघटनेतर्फे विरोधात कोण बोलणार आहे, तेही सांग ना हिला, वेंडेल.

वेंडेल : मी.

मार्लिस : हा! अध्यक्ष महाराज.

वेंडेल : तू माझी बाजू एकदा तरी ऐक. मी कुत्र्यांवर उठलोय का? टॅन्सी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायची. पण आज म्हणतात उंच बांधा. उद्या म्हणतील हंगाम कमी करा. परवा डुलुथची, मिनियापोलिसची शहरी माणसं येतील, ज्यांनी आयुष्यात ससा सोललेला नाही, आणि म्हणतील सापळाच नको. मग एक दिवस तुझ्या बंदुकीवर येतील. एकदा दार किलकिलं केलं की वारा थांबत नाही.

मार्लिस : मी डुलुथची आहे का? बाबांच्या शेजारी बसून मस्करॅटची कातडी सोलत मोठी झाले मी. चर्चला मिंकच्या कातड्याची टोपी घालून जाते, तूच दिलेली. सापळे बंद करा असं मी कधी म्हटलं? वर उचला म्हणते. रॅकून झाडावर चढतं. कुत्री चढत नाही. हे कळायला काय अध्यक्ष व्हावं लागतं?

वेंडेल : बोलायला सोपं आहे. आमच्या संघटनेतल्या अल्विनचा गुडघा बघितलायस? त्यानं बर्फात प्रत्येक झाडाशी हात वर करून त्या स्प्रिंगा बसवायच्या? आणि झाडावरची बादली चोराला लांबून दिसते. आमच्यातले निम्मे म्हातारे आहेत. ते सोडून देतील हे काम.

कोरीन : ही अडचण खोटी नाही, मार्लिस.

मार्लिस : नसेल. मग पेट्या करा, तोंड अरुंद करा, सापळा आत खोल बसवा, दुसरा वापरा. बाबा म्हणायचे, अडचण सांगणाऱ्यानं तोडगाही सांगावा. तुम्ही नुसती अडचण सांगता आणि खुर्चीत बसता.

वेंडेल : आणि तुम्ही कुत्री मोकळी सोडता. तिला जवळ ठेवली असतीस तर...

मार्लिस : तर काय? बोल की.

वेंडेल : काही नाही.

मार्लिस : नाही, बोल. दोरीला बांधून पक्षी शोधायला लावू तिला? मासा तळ्यातून काढून पोहायला लाव म्हणावं! माझ्याकडंही परवाना आहे, वेंडेल. माझाही हंगाम आहे. ती जमीन सरकारी आहे, जेवढी तुझी तेवढीच माझी. फरक एवढाच, की मी काय करते ते तुला लांबून ऐकू येतं. तू काय करून ठेवलंयस ते मला मांडीवर मेलेली कुत्री घेऊन कळतं.

कोरीन : हे मी गणवेशात बोलू नये. पण मी दर हंगामात अशी कुणाच्या तरी दारात उभी असते. अंतर मोजते, कायद्यात बसतं म्हणून सांगते आणि गाडीत जाऊन बसते. मागच्या वेळी एका म्हाताऱ्यानं मला दारातून हाकलून दिलं होतं. मला त्याचा राग नाही आला.

वेंडेल : मी आजच माझ्या सगळ्या बादल्या काढतो. वर बांधतो. बस?

मार्लिस : आणि अल्विनच्या? आणि ओढ्यापलीकडं लावतात त्यांच्या? तू पुण्यवान होशील आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची तरी घंटा थांबेल. माझ्यासमोर मान खाली घालून काय उपयोग? गुरुवारी त्यांच्यासमोर बोल.

वेंडेल : ती माझी माणसं आहेत, मार्लिस. मी दवाखान्यात होतो तेव्हा माझे सापळे त्यांनी सांभाळले. त्यांच्यासमोर उभा राहून मी हे बोललो, तर मला कोण विचारेल?

मार्लिस : आणि मी कुणाची माणूस आहे?

वेंडेल : तसं नाही...

मार्लिस : राहू दे. ठेव तुझा सापळा. चल कोरीन, मला इथं उभं राहवत नाही.

(गुरुवारी, दिवस मावळताना. टाउन हॉलच्या बाहेर, गाड्या लावायच्या मैदानात.)

कोरीन : समितीनं पुढं ढकललं.

मार्लिस : बसले होते मी तिथंच. आणखी अभ्यास हवा म्हणे! कसला अभ्यास? कुत्र्याच्या मानेचा? हंगाम संपेपर्यंत अभ्यास करतील, मग उन्हाळ्यात कुणालाच आठवणार नाही. समितीतला तो टायवाला माझ्याकडं बघून म्हणतो, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. भावना! मी स्प्रिंगबद्दल बोलत होते. मी दोरीबद्दल बोलत होते. मी त्याला दाखवत होते कशी घालायची, आणि तो घड्याळ बघत होता!

कोरीन : मागच्या रांगेतल्या दोन बायका उठून उभ्या राहून बघत होत्या. नंतर मला विचारलं त्यांनी, ती दोरी परत एकदा दाखवाल का म्हणून.

मार्लिस : दाखवलीस?

कोरीन : दाखवली. गणवेशातच.

मार्लिस : हं. बरं केलंस.

कोरीन : आणि वेंडेल बोलले. मला नव्हतं वाटलं बोलतील.

मार्लिस : मलाही नव्हतं. लिहून आणलेला कागद हातात चुरगाळून उभा राहिला. म्हणाला, माझ्या सापळ्यात माझ्या बहिणीची कुत्री मेली. सापळा कायद्यात बसत होता. म्हणजे कायदाच नीट बसलेला नाही. आणि बसला खाली. जन्मात कधी इतकं थोडं बोलला नव्हता.

कोरीन : हॉल एकदम गप्प झाला होता.

मार्लिस : गप्प कसला! अल्विन म्हणाला ना मागून, विकला गेला म्हणून. आणि मग तिघंचौघं टोप्या घालून बाहेर पडले. विकला गेला! कुणाला विकला गेला? मला? माझ्याकडं काय आहे त्याला विकत घ्यायला?

कोरीन : ते बघा, इकडंच येतायत. मी निघते. काही लागलं तर कळवा.

वेंडेल : मार्लिस.

मार्लिस : काय आहे?

वेंडेल : मी अल्विनच्या गाडीतून आलो होतो.

मार्लिस : मग?

वेंडेल : गेले ते.

मार्लिस : तुला इथंच टाकून? या थंडीत? थांब, उद्या बघते त्या अल्विनकडं. गुडघा दुखतो म्हणून त्याच्या घरी सूप पोचवत होते मी!

वेंडेल : जाऊ दे. चालत जाईन मी.

मार्लिस : चालत जाणार म्हणे. माझा राग गेलेला नाही, वेंडेल. ध्यानात ठेव.

वेंडेल : जायला नकोच.

मार्लिस : बस गाडीत. उभा काय राहिलास?

वेंडेल : ही पुढची सीट... सगळी केसांनी भरलीय. झटकू का जरा?

मार्लिस : नको. तसाच बस.