आपल्या घराण्यात नाही म्हणत नाहीत

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसले होते.

"दादाकडे राहायला जायचं विचारलंत का, बाबा?"

"विचारलं. 'बघू' म्हणाला."

"म्हणजे नाही."

"नाही कुठे म्हणाला? सूनबाई तर म्हणाली, 'घर तुमचंच आहे, फक्त येण्याआधी फोन करा.'"

"तेही नाहीच."

"आपल्या घराण्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. तुझी आत्या एकटी पडली, तेव्हा मीही तिला 'बघू'च म्हणायचो. शेवटपर्यंत मन दुखवलं नाही तिचं."

"निदान स्पष्ट तरी सांगायचंत तिला."

"बरं, तुला स्पष्टच विचारतो. तुझ्याकडे येऊ?"

"बाबा, उठा, आपला नंबर आला वाटतं."

डॉक्टरांचं दार अजून बंदच होतं.