हॉलंडचा सरदार मराठीत बोलतो

माझा जन्म जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातला. आमचे कोणी पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इकडे आले अन् इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असेच वाढलो. बाबा फॅक्टरीत, मग मीही फॅक्टरीतच, खराद मशीनवर, म्हणजे लेथवर. पण काय सांगू तुम्हाला, आता राहतो त्या गोरखपूर मोहल्ल्यात मला कोणी नावानं हाक मारत नाही, सगळे सरदारसाहेबच म्हणतात.

तो सरदार हॉलंडचा बरं. आमच्या मराठी मंडळाच्या मास्तरांनी गणपतीसाठी नाटक लिहिलं होतं. सरदार मोठ्या घरचा माणूस, त्याचा राजा परका, हॅब्सबर्ग घराण्यातला, स्पेनमध्ये बसलेला. यानं त्याचं मीठ खाल्लं, त्याच्यासाठी लढाया जिंकल्या, अन् मग राजा म्हणतो आता तुझ्याच गावावर तोफा लाव. हा नाही म्हणतो अन् त्यापायी शिर देतो. दर गणपतीत तो मीच. अंगात असा भिनला की फॅक्टरीत साहेबानं सोबत्याविरुद्ध सही मागितली तेव्हा तसाच ताठ उभा राहून नाही म्हटलं. प्रमोशन गेलं, जाऊ दे.

मागच्या वर्षी नाटकात घोटाळा झाला. आपल्या जबलपूरच्या माणसाला राग आला की हिंदीच येते ना, कमानिया बाजारातलं भांडण काय, दूधवाल्याशी काय. राजाच्या दूतासमोर असा संताप चढला की तोंडातून निघालं, नहीं उठाऊँगा तलवार, जाओ, कह दो अपने राजा से. अन् टाळ्या अशा पडल्या, मराठीत कधी पडल्या नव्हत्या.

झालं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, काका, पोरांना मराठी बोलता येत नाही, यंदा पूर्ण हिंदीतच करू. मी म्हटलं, काहून? मराठी घरातून चाललीच आहे, आता मंडपातूनही घालवता? हिंदीत करायचं तर सरदार दुसरा पाहा. घरी येऊन रडलो हो, टाळ्या माझ्याच हिंदीला पडल्या होत्या ना.

माझी नात सई, बारावीत आहे, मराठी सगळी समजते पण बोलते हिंदीत. ती म्हणे, आजोबा, सरदार मैं करूँगी, मराठी में. म्हटलं लोक हसतील बाई. तर म्हणे, हँसने दो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तालीम करून राहिलो. काल शेवटच्या प्रवेशाची तालीम होती, सेक्रेटरी समोर खुर्ची टाकून बसलेले. पोरगी ऐन वाक्यावर अडली. मी विंगेतून सांगायला तोंड उघडलं तर हातानंच मला थांबवलं, अन् थांबत थांबत स्वतःच म्हणाली,

"माझ्या माणसांवर... मी तलवार नाही उचलणार."

सेक्रेटरी उठले, म्हणाले ठीक आहे, मराठीतच होऊ द्या.

टाळ्या पडोत की न पडोत. सईला म्हटलं, जशी येते तशीच बोल बेटा, देव तुझं भलं करो. आता माझं काम एवढंच, विंगेत उभं राहायचं अन् तोंड बंद ठेवायचं.